विज्ञान शिकलेले आणि विचार करणारे



आधी तीन आकडे पाहा. जपानमध्ये १९६५ साली सुमारे १८ लाख २४ हजार मुले जन्मली. १९६७ साली सुमारे १९ लाख ३६ हजार. मधल्या १९६६ साली मात्र फक्त १३ लाख ६१ हजार. एका वर्षात जन्मांमध्ये पंचवीस टक्क्यांची घट आणि पुढच्याच वर्षी सगळी भरपाई! त्या वर्षी युद्ध नव्हते, दुष्काळ नव्हता, साथ नव्हती. मग झाले काय?

१९६६ हे जपानी पंचांगातल्या साठ वर्षांच्या चक्रातले 'हिनोए-उमा', म्हणजे अग्नी-अश्वाचे वर्ष होते. या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याच्या मुळावर येते, अशी जुनी समजूत आहे. आपल्याकडच्या मंगळाच्या मुलीची ही सख्खी बहीणच. मुलगी झाली तर तिचे लग्न कसे जमणार, या धास्तीने लाखो जोडप्यांनी त्या वर्षी मूल होऊ दिले नाही.

हे कुठल्या जपानमध्ये घडले, तेही लक्षात घ्या. १९६४ साली तोक्योत ऑलिम्पिक झाले होते, शिन्कान्सेन धावू लागली होती. १९६५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल शिनइचिरो तोमोनागा यांना विभागून मिळाले होते. साक्षरता जवळजवळ शंभर टक्के होती आणि नऊ वर्षांचे शिक्षण सर्वांना सक्तीचे व मोफत होते. म्हणजे ज्यांनी त्या वर्षी पाळणा लांबवला, ती जोडपी शाळेत व्यवस्थित विज्ञान शिकलेली होती. २०२६ हे पुन्हा हिनोए-उमाचेच वर्ष, म्हणून हा जुना किस्सा इकडे परत चर्चेत आला.

हा किस्सा सांगण्याचा हेतू जपानची टिंगल करण्याचा नाही. आपल्या पुरोगामी वर्तुळात एक गृहीतक फार जुने आहे: शिक्षण पसरले, विज्ञान घरोघरी पोचले की अंधश्रद्धा आपोआप गळून पडतील. जपानने हा प्रयोग आपल्यापेक्षा कितीतरी आधी आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर करून ठेवला आहे. त्याचे निष्कर्ष तपासल्याशिवाय आपण तेच वाक्य पुन:पुन्हा म्हणत राहणे काही फारसे वैज्ञानिक नाही.

माझे म्हणणे थोडक्यात सांगते. विज्ञानाची माहिती असणे आणि तपासून पाहण्याची सवय असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सार्वजनिक शाळा पहिली गोष्ट उत्तम देऊ शकते. दुसरी तिला मुद्दाम, जाणीवपूर्वक द्यावी लागते, नाहीतर ती मिळत नाही. आणि तरीही, ही दुसरी गोष्ट सगळ्या मुलांपर्यंत पोचवू शकेल अशी संस्था समाजाकडे एकच आहे, आणि ती म्हणजे सार्वजनिक शाळा.

जपानी शाळेत काय चांगले आहे

मी पंधरा वर्षांहून अधिक काळ त्सुकुबाला एका संशोधन संस्थेत अर्धवाहकांवर काम करते आहे. माझी दोन्ही मुले घराजवळच्या नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत गेली. यात कौतुकासारखे काही नाही, कारण इथे जवळजवळ सगळीच जातात. जपानमधली सुमारे ९८ टक्के मुले प्राथमिक शिक्षण सार्वजनिक शाळेत घेतात. माझ्या मुलीच्या वर्गात एका प्राध्यापकाचा मुलगा होता, ट्रक चालवणाऱ्याची मुलगी होती आणि किराणा दुकानात तासावर काम करणाऱ्या आईची जुळी मुले होती. सगळे एकच दुपारचे जेवण जेवायचे आणि जेवण झाल्यावर वर्ग एकत्रच झाडायचे.

पहिलीतल्या प्रत्येक मुलाला एक कुंडी मिळते. त्यात 'असागाओ' नावाची निळ्याजांभळ्या फुलांची वेल लावायची, रोज पाणी घालायचे आणि पाने मोजून चित्र काढायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ती कुंडी घरी न्यायची. तिसरीपासून 'रिका', म्हणजे विज्ञान हा वेगळा विषय सुरू होतो. शाळेत प्रयोगांसाठी वेगळी खोली असते, तिथे सूक्ष्मदर्शक, तराजू, बर्नर असतात. ते कुलूपबंद कपाटात नसतात, मुलांच्या हातात असतात. हे आपोआप झाले नाही. १९५३ साली, युद्धाने देश बेचिराख झाल्यानंतर अवघ्या आठ वर्षांत, जपानने विज्ञान शिक्षणाच्या प्रसारासाठी कायदा केला आणि शाळांच्या प्रयोगसाहित्याच्या खर्चात केंद्र सरकारचा वाटा ठरवून दिला. देश गरीब असतानाच हा निर्णय झाला, हे मुद्दाम नोंदवते. कारण 'आपल्याला परवडत नाही' हे वाक्य आपण फार सहज म्हणतो.

शिक्षक दर काही वर्षांनी जिल्ह्यातल्या दुसऱ्या शाळेत बदलून जातात. त्यामुळे 'चांगली शाळा' आणि 'पडीक शाळा' अशी कायमची फाळणी सहसा होत नाही. पैसेवाला पालक मुलाला या व्यवस्थेतून बाहेर काढत नाही, म्हणून शाळेचे छत गळले तर तक्रार करणाऱ्यांत नगरसेवकही असतो. व्यवस्था टिकवण्याची ही सर्वांत खात्रीची युक्ती आहे.

याचा परिणाम मोजता येतो. २०२२ च्या पिसा चाचणीत पंधरा वर्षांच्या जपानी मुलांना विज्ञानात सरासरी ५४७ गुण मिळाले. जगात त्यांच्या पुढे फक्त सिंगापूर होते.

आणि काय नाही

आता दुसरी बाजू. शिक्षकांच्या टालिस नावाच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत २०१८ साली माध्यमिक शिक्षकांना विचारले होते: तुम्ही विद्यार्थ्यांना चिकित्सक विचार करावा लागेल असे काम वारंवार देता का? सहभागी देशांची सरासरी ६१ टक्के होती. जपानमध्ये 'हो' म्हणणारे शिक्षक होते १२.६ टक्के. जपानी शिक्षक स्वत:बद्दल बोलताना फार संकोची असतात, हा भाग वजा करायला हवा. तरीही एवढी मोठी दरी नुसत्या विनयाने भरून निघत नाही.

म्हणजे विज्ञानाच्या गुणांत जगात दुसरा आणि चिकित्सक विचाराच्या सरावात जवळजवळ तळाला! हे दोन्ही एकाच शाळाव्यवस्थेबद्दल खरे आहे. त्याचा अर्थ काय होतो, याची तीन उदाहरणे देते.

पहिले सर्वांना ठाऊक असलेले. २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो पंथाने तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारीन वायू सोडला. त्यात १४ जणांचा जीव गेला आणि हजारो जखमी झाले. ते सारीन बनवणारा मासामी त्सुचिया त्सुकुबा विद्यापीठात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकलेला होता. वायू सोडणाऱ्यांत हृदयशल्यविशारद होता, तोक्यो आणि वासेदा विद्यापीठांत भौतिकशास्त्र शिकलेले तरुण होते. गुरू हवेत तरंगतो यावर त्यांचा विश्वास होता! प्रयोगशाळेत प्रत्येक मोजमाप दोनदा तपासणारी माणसे गुरूचा शब्द एकदाही तपासत नव्हती. (आपणही फार हसू नये. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला देशभर गणपती दूध प्यायला, आणि रांगेत पृष्ठीय ताण शिकवणारे आणि शिकलेले, दोघेही उभे होते.)

दुसरे उदाहरण शाळेतलेच आहे. १९९९ साली मासारू एमोतो यांचे 'पाण्याचा निरोप' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक आले. पाण्याला 'धन्यवाद' हा शब्द दाखवला तर त्याचे सुंदर स्फटिक बनतात आणि 'मूर्ख' दाखवला तर वेडेवाकडे, असा त्यात दावा होता. हे काही प्राथमिक शाळांत नीतिशिक्षणाच्या तासाला शिकवले जाऊ लागले. आपले शरीर बहुतांशी पाणी आहे, म्हणून मुलांनो, वाईट शब्द वापरू नका! शिक्षकांचा हेतू चांगलाच होता. पण नीती शिकवण्यासाठी खोटे विज्ञान वापरले तर नीतीही बुडते आणि विज्ञानही. हारुआकी ताझाकी, माकोतो किकुची यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांनी हे उघडपणे खोडून काढायला सुरुवात केली. २००६ साली जपानच्या भौतिकशास्त्र परिषदेच्या अधिवेशनात छद्मविज्ञानावर खास चर्चासत्र झाले. 'एवढ्या फालतू गोष्टीला उत्तर काय द्यायचे' असे म्हणून ही मंडळी गप्प बसली नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. भाताच्या दोन बरण्यांचा, एकीला शिव्या आणि एकीला गोड बोलण्याचा जो 'प्रयोग' आपल्या कौटुंबिक व्हॉट्सॲप गटांवर फिरतो, त्याचे मूळ एमोतो यांच्याकडेच आहे.

तिसरे उदाहरण खुद्द सरकारचे. २०१० साली शिक्षण मंत्रालय आणि ऊर्जा खात्याने शाळकरी मुलांसाठी अणुऊर्जेवर रंगीत पूरक पुस्तिका काढल्या. अणुभट्ट्या मोठ्या भूकंपांना आणि त्सुनामींना तोंड देतील अशा बांधल्या आहेत, असे त्यात मुलांना सांगितले होते. पुढच्याच वर्षी, ११ मार्च २०११ ला फुकुशिमा घडले. पुस्तिका मागे घेतल्या गेल्या. पण तोपर्यंत सरकारी शाळेने, विज्ञानाच्या नावाने, एक जाहिरात शिकवून ठेवली होती.

जपानला हा धडा नवा नव्हता. १९४५ च्या शरणागतीनंतर इथल्या शाळांत मुलांना हातात ब्रश आणि शाई देऊन स्वत:च्याच पाठ्यपुस्तकातल्या युद्धखोर ओळी काळ्या करायला लावले होते. काल जे सत्य म्हणून पाठ केले, ते आज स्वत:च्या हाताने पुसायचे! ज्या शाळेने अख्खा देश साक्षर केला, त्याच शाळेने सम्राटाच्या दैवी वंशाची पुराणकथा इतिहास म्हणून शिकवली होती. त्या कथांची चिकित्सा करणाऱ्या सोकिची त्सुदा या इतिहासकाराच्या पुस्तकांवर १९४० साली बंदी आली आणि त्यांच्यावर खटला चालला. थोडक्यात, सार्वजनिक शिक्षण ही फार मोठी ताकद आहे, आणि ती कुठल्याही दिशेने वापरता येते.

दोन शाळा, एक लाट

मग शाळेत विचार करायला शिकवता येते का? येते. आणि त्याने काय फरक पडू शकतो, याची साक्ष २०११ च्या त्सुनामीइतकी स्पष्ट क्वचितच मिळते.

इवाते प्रांतातल्या कामाइशी शहरात गुन्मा विद्यापीठाचे तोशिताका कातादा २००४ पासून शाळांबरोबर काम करत होते. मुलांना ते शहराचा धोक्याचा नकाशा दाखवत. आपले घर रंगवलेल्या पट्ट्याच्या बाहेर आहे हे पाहून मुले खूश होत. मग कातादा विचारत: हा पट्टा कोणी काढला? कशावरून काढला? १८९६ च्या त्सुनामीवरून काढला असेल, तर पुढची लाट त्याहून मोठी नसेल हे कोणी सांगितले? त्यांनी मुलांना तीन गोष्टी शिकवल्या. गृहीतकांवर विसंबू नका. त्या क्षणी शक्य असेल ते सर्व करा. आणि पळायला सर्वांत आधी तुम्ही सुरुवात करा. शिक्षकांनी त्सुनामी हा विषय वेगवेगळ्या तासांत गुंफला, अगदी लाटेचा वेग काढण्याच्या गणितापर्यंत.

११ मार्चला कामाइशी पूर्व माध्यमिक शाळेची मुले भूकंप थांबताच पळत सुटली. शेजारच्या उनोसुमाई प्राथमिक शाळेत मुलांना आधी वरच्या मजल्यावर नेले होते. मोठी मुले पळताना दिसली, तशी तीही निघाली. दोन्ही शाळा नकाशानुसार सुरक्षित भागात होत्या! ठरलेल्या जागी पोचल्यावर मागच्या कड्याची दरड कोसळताना दिसली, तेव्हा आणखी वर जायचे ठरले. तिथूनही पुढे वर. मोठ्यांनी लहानांचे हात धरले होते. पहिली ठरलेली जागा थोड्याच वेळात पाण्याखाली गेली. कामाइशी शहरात त्या दिवशी एक हजाराहून अधिक माणसे दगावली किंवा बेपत्ता झाली. शहरातल्या जवळजवळ तीन हजार शाळकरी मुलांपैकी पाच दगावली, आणि ती त्या वेळी शाळेच्या देखरेखीखाली नव्हती.

वर्तमानपत्रांनी याला 'कामाइशीचा चमत्कार' म्हटले. कातादांना हा शब्द पटत नव्हता, आणि पुढे शहरानेही तो टाळला. चमत्कार कसला? मुलांनी जे शिकले होते, ते केले. एरवी चमत्कारांचा भांडाफोड करणाऱ्या आपल्या मंडळींना हा मुद्दा नक्की आवडेल.

आता दुसरी शाळा. मियागी प्रांतातल्या इशिनोमाकी शहराची ओकावा प्राथमिक शाळा. तीही सार्वजनिकच. भूकंपानंतर मुले सुमारे पन्नास मिनिटे मैदानात उभी होती. शाळेमागेच टेकडी होती. टेकडीवर जाऊ या असे काही मुले म्हणत होती, असे वाचलेल्यांनी सांगितले. पण नकाशानुसार शाळा पुराच्या क्षेत्राबाहेर होती. शाळा हीच आसऱ्याची जागा ठरलेली होती. शेवटी निघाले ते नदीच्या पुलाकडे. १०८ पैकी ७४ मुले आणि १० शिक्षक गेले.

पालकांनी खटला भरला. २०१८ साली सेन्दाई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. न्यायालयाने म्हटले की धोक्याचा नकाशा सरकारने दिला म्हणून तो जसाच्या तसा स्वीकारणे पुरेसे नव्हते. शाळा नदीला एवढी लागून असताना तो नकाशा कितपत विश्वासार्ह आहे, हे शाळेने आणि शिक्षण मंडळाने स्वत: तपासायला हवे होते. जरा थांबून विचार करा. अधिकृत माहितीची चिकित्सा करणे हे शाळेचे कर्तव्य आहे, असे एका देशाच्या न्यायालयाने सांगितले आहे.

दोन घटनांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मला कळते. भूगोल वेगळा होता, त्या क्षणी मैदानात कोण होते हेही वेगळे होते. ओकावाच्या शिक्षकांनी मुलांना वाचवण्याचा विचार केला नाही असे कोणीही म्हणू नये. त्यांचेही प्राण गेले. पण देश एक, कायदा एक, अभ्यासक्रमही एक असताना एका ठिकाणी 'हा पट्टा कोणी काढला' हा प्रश्न सात वर्षे विचारला जात होता आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हता, एवढे खरे.

हा प्रश्न विचारायची सवय लावायला पैसा फारसा लागत नाही. जपानमध्येच १९६३ साली कियोनोबू इताकुरा यांनी 'गृहीतक-प्रयोग वर्ग' नावाची पद्धत सुरू केली. शिक्षक एक प्रश्न फळ्यावर लिहितो. उदाहरणार्थ, वजनकाट्यावर दोन पायांवर उभे राहिलो, एका पायावर उभे राहिलो, किंवा उकिडवे बसून जोर लावला, तर काटा कधी जास्त दाखवेल? की तिन्ही वेळा सारखाच? प्रत्येक मूल हात वर करून आपला अंदाज सांगते. मग वाद होतो. कोणाला मत बदलायचे असेल तर बदलता येते. शिक्षक उत्तर सांगत नाही. शेवटी काटा आणून पाहायचे. वर्गातली तीस मुले एका बाजूला आणि एक मुलगी दुसऱ्या बाजूला, आणि काटा त्या एकट्या मुलीच्या बाजूने! सत्य बहुमताने ठरत नाही, मास्तरांच्या सांगण्यावरूनही ठरत नाही, हे यापेक्षा चांगल्या रीतीने कुठले भाषण शिकवील? ही पद्धत सरकारी अभ्यासक्रमात कधी आली नाही. शिक्षकांनीच ती एकमेकांकडून उचलली आणि पसरवली.

आपल्याकडे

आता घराकडे वळू या. जपानने १८७२ साली सार्वत्रिक शिक्षणाचा हुकूम काढला. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८८२ साली, जोतीराव फुले हंटर आयोगापुढे सांगत होते की सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि तो रयतेकडून येतो. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत तरी सक्तीचे करा. वरून शिक्षण झिरपत खाली येईल या सिद्धान्ताला त्यांनी तेव्हाच आव्हान दिले होते. म्हणजे विचार आपल्याकडे उशिरा आला असे नाही. अंमल आला नाही.

१९७६ साली वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे घटनेच्या ५१-अ कलमात नागरिकाचे कर्तव्य झाले. असे शब्द घटनेत असलेले देश थोडेच असतील. आणि त्याच देशात, पुण्यात, २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हयातीत झाला नाही. तो खुनानंतर आला. दाभोलकर कायद्यासाठी झगडत होतेच, पण शाळेतल्या शिक्षकांना बरोबर घेऊन वैज्ञानिक जाणिवा रुजवण्याचे कामही तितक्याच चिकाटीने करत होते. त्यांचे हे काम कमी बोलले जाते. कायदा भोंदूला पकडतो. भोंदूकडे जायचे की नाही, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याची सवय लहानपणीच लागते.

जयंत नारळीकरांनी २००८ च्या सुमारास केलेली फलज्योतिषाची चाचणी आठवते ना? शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहून उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरे निघाली सुमारे ४६ टक्के, म्हणजे नाणे उडवून जेवढी येतील त्याहूनही थोडी कमी. नारळीकर २०२५ साली गेले. त्यांना श्रद्धांजली वाहणारे लेख खूप आले. ही चाचणी आठवी-नववीच्या वर्गात गटकार्य म्हणून करता येण्याजोगी आहे: माहिती गोळा करा, अंदाज मागवा, मोजा. हे प्रत्येक शाळेत झाले तर ती खरी श्रद्धांजली.

उलट घडते आहे ते काळजीचे आहे. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी सह्या करून त्याला विरोध केला. दहावीनंतर बहुसंख्य मुले जीवशास्त्र शिकतच नाहीत, म्हणजे त्यांना डार्विन कधीच भेटणार नाही. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा चक्क पहिला पाठ होता. हा फरक मुद्दाम लक्षात ठेवा आणि पुढच्या पुस्तकांत तो टिकतो का यावर नजर ठेवा.

त्याच २०२३ साली वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा प्रस्ताव राज्यात पुढे आला. अशा शाळा चौदा हजारांहून अधिक. त्या वाड्यावस्त्यांवरच्या, आदिवासी पाड्यांवरच्या, डोंगरातल्या. पट कमी असलेल्या शाळा जपानलाही बंद कराव्या लागतात, कारण मुलेच जन्मत नाहीत. पण आपल्याकडे पट घटण्याचे एक मोठे कारण हे आहे की ज्यांना परवडते त्यांनी आधीच मुलांना बाहेर काढले आहे.

आणि त्याच वर्षी जुलैत रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. सरकारने विधिमंडळात सांगितले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. मला लगेच ओकावाचा नकाशा आठवला. यादीत नाही म्हणजे सुरक्षित, असे नसते. सह्याद्रीतल्या प्रत्येक वाडीत भूगर्भशास्त्रज्ञ जाणार नाही. पण प्रत्येक वाडीजवळ जिल्हा परिषदेची शाळा आहे, निदान अजून तरी. चौथी-पाचवीची मुले पाऊस मोजू शकतात. उतारावरच्या भेगा, कललेली झाडे, झऱ्याचे अचानक गढूळ झालेले पाणी यांची नोंद ठेवू शकतात. 'ही यादी कोणी केली, कधी केली, आमचा डोंगर पाहिला होता का?' असे विचारू शकतात. हेच विज्ञान आणि हाच चिकित्सक विचार.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: अहो, आपल्या पाचवीच्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, कसली चिकित्सा घेऊन बसलात? असर २०२४ नुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या जवळजवळ निम्म्या मुलांची हीच स्थिती आहे, तेव्हा आक्षेप खोटा नाही. पण वजनकाट्याच्या त्या प्रश्नाला वाचन किती लागते? अंदाज सांगायला, भांडायला आणि काट्याकडे पाहायला तोंड आणि डोळे पुरतात. ज्या वर्गात मुलाला बोलू दिले जाते, तिथे ते वाचायलाही लवकर लागते. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी हे करून दाखवले, आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. म्हणजे आपल्या सरकारी शाळांत हे होऊ शकते, याचा पुरावा आहे. प्रश्न आहे तो अशा शिक्षकांच्या मागे कोण उभे राहते हा.

आणि आपण?

आपल्यापैकी बरेच जण नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा नाममात्र फी घेणाऱ्या अनुदानित मराठी शाळांत शिकलो. पुढे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत शिकून परदेशी आलो. इथे आल्यावर घर घेताना आपण सार्वजनिक शाळा चांगली कुठे आहे ते आधी पाहतो. आणि भारतात भावाच्या मुलासाठी सल्ला देताना? तिथे आपण न चुकता महागडी इंटरनॅशनल शाळा सुचवतो. इथल्या सार्वजनिक शाळेवर विश्वास आणि तिथल्या सार्वजनिक शाळेवर दया, हे काही बरोबर नाही.

देणगी द्यायची वेळ आली की आपण टॅब देतो, प्रोजेक्टर देतो, कारण त्याचा फोटो निघतो. टॅब वाईट नाहीत. पण पडद्यावर तयार उत्तर दाखवणारा धडा आणि फळ्यावर तयार उत्तर लिहिणारा मास्तर यांत मूलत: फरक काय? त्यापेक्षा एखाद्या तालुक्यातल्या वीस शिक्षकांना महिन्यातून एक दिवस एकत्र बसून असे प्रश्न तयार करता येतील, एकमेकांचे वर्ग पाहता येतील, यासाठी प्रवासखर्च आणि चहापाणी द्या. त्याचा फोटो फारसा चांगला येत नाही. आपल्यातले जे वैज्ञानिक, अभियंते, डॉक्टर आहेत त्यांनी शिक्षकांबरोबर मराठीत असे प्रश्नसंच लिहावेत. प्रश्न गावातले हवेत. विहिरीला पाणी लागेल की नाही हे पाणाड्याच्या नारळाने ओळखता येते का? गटातल्या दहा विहिरींवर कसे तपासाल?

दुसरे असे की शाळा बंद होण्याच्या, पाठ वगळण्याच्या बातम्या आल्या की 'हे राजकारण आहे' म्हणून आपण गप्प बसतो. जपानच्या भौतिकशास्त्रज्ञांनी पाण्याच्या स्फटिकांसारख्या बाष्कळ गोष्टीलाही उत्तर दिले, कारण ती मुलांच्या वर्गात शिरली होती. आपल्या मुलांच्या वर्गातून डार्विन बाहेर जात असेल तर आपण सही तरी करू शकतो.

कामाइशीची मुले वाचली ती हुशार म्हणून निवडलेली नव्हती. ती त्या गावातली सगळी मुले होती: अभ्यासात पुढची, मागची, कोळ्यांची, दुकानदारांची. लाटेने त्यांची गुणपत्रिका पाहिली नसती. मोजक्या चांगल्या शाळांतून मोजकी चिकित्सक मुले तयार करणे आपल्याला जमते, ते आपण सिद्धच केले आहे. आपण स्वत: त्याचा पुरावा आहोत. सगळ्यांचे काय, हा फुल्यांचा १८८२ चा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर अजून आपल्याकडे बाकी आहे.

आपल्याला काय वाटते ते जरूर कळवा. विशेषत: ज्यांची मुले किंवा भाचे-पुतणे आज महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेत शिकत आहेत, त्यांचे अनुभव वाचायला मला आवडेल. आणि असे कोणीच आपल्या माहितीत नसेल, तर तेही कळवा.

त्सुकुबा, जपान